सारंगाच्या पोटातली वस्ती

मला जंतूंचा नाद लागला तो दह्यापायी. मुंबईला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या प्राध्यापकांनी एकदा काचेच्या पट्टीवर दह्याचा ठिपका पसरला, त्यावर जांभळा रंग चढवला आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वर्गात आम्ही दोघीच मुली, त्यामुळे आमची पाळी शेवटी. डोळा लावला तर जांभळ्या मण्यांच्या तुटलेल्या माळा आणि मधूनमधून आखूड काड्या. त्या दिवशी घरी जेवताना मी दहीभाताकडे इतका वेळ बघत बसले, की आईने विचारलं, दही आंबट झालंय का?

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं की हे सगळे पोटात गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं. सर म्हणाले, ह्यावर तिकडे युरोपात मोठी भांडणं चालली आहेत. काही विद्वान म्हणतात की दह्यातले जंतू आतड्यात घर करतात आणि माणसाचं आयुष्य वाढवतात. काही म्हणतात, छे, आले तसे निघून जातात. आपल्याकडे माणूस जन्मभर ताक पितो, पण इथे कुणी डोकावून पाहिलेलं नाही. मी म्हटलं, कुणीतरी पाहायला हवं. सर म्हणाले, "मग तुम्हीच पाहा की."

पदवी झाल्यावर वर्षभर मी त्यांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी राबले. काचा धुण्यापासून रंग कालवण्यापर्यंत सगळं शिकले. आतड्यातले जंतू बघायचे तर शौचाचा नमुना तपासावा लागतो, हे तिथे रोजचं होतं. त्याची किळस पहिल्या आठवड्यातच गेली. घरी मात्र मी नक्की काय बघते हे वडिलांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

मग रत्नागिरीचं स्थळ आलं. आमचं मूळ गाव आंजर्ले, तेव्हा कोकणातली माणसं घरच्यासारखीच वाटली. मुलगा हायस्कुलात गणित शिकवत होता. त्याचे वडील आगबोटीवर सारंग म्हणून नोकरी करून नुकतेच घरी बसले होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. बोटीवर कप्तानाचा हुकूम ह्याच्या तोंडून सुटतो. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? माझ्या वडिलांनी स्वयंपाक, शिवण वगैरे सांगितलं आणि मग, का कोण जाणे, खरं तेही सांगून टाकलं. मुलगी पोटातले जंतू तपासते, आणि लग्नानंतरही तिला ते करायचं आहे. मुलाने खाली बघत हळूच म्हटलं की आपली काही हरकत नाही. सारंगांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की परसात दोर, शिडं ठेवायची एक खोप आहे, ती रिकामी करता येईल. तेवढ्यावर लग्न ठरलं.

सरांनी मला लग्नाची भेट म्हणून प्रयोगशाळेतला जुना पितळी सूक्ष्मदर्शक दिला. त्याची लाकडी पेटी मी मुंबईहून येताना बोटीत मांडीवर घेऊन बसले होते. रत्नागिरीला आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर यायचे. त्या दिवशी लाटा होत्या. बोटीच्या शिडीवरून पडावात पेटी कशी न्यायची ते मला कळेना. तर खालच्या पडावात मामंजी उभे. सुनेला उतरवून घ्यायला ते स्वतः आले होते. त्यांनी वरच्या खलाशाला दोन शब्द सुनावले, दोराची गाठ आपल्या पद्धतीने मारायला लावली, आणि पेटी अशी अलगद खाली आली की तिला पाण्याचा शिंतोडासुद्धा लागला नाही. मग मी उतरले. मला कुणी इतकं सांभाळून उतरवलं नाही, हे मी पुढे त्यांना पुष्कळदा हसत ऐकवत असे.

रत्नागिरीत मांडवीला आमचं घर समुद्राला लागून होतं. पेटी उघडली तेव्हा मामंजींनी यंत्र उचलून ओटीवर नेलं आणि त्यातून समुद्राकडे बघायला लागले. त्यांना वाटलं होतं, ही नव्या तऱ्हेची दुर्बीण. काहीच दिसेना तेव्हा त्यांनी ती मला परत दिली. बिघडली असेल तर बंदरावर एक दुरुस्त करणारा आहे, असंही सांगितलं. मी ताकाचा थेंब पट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवली, आरशाने उजेड धरला आणि म्हटलं, "आता बघा, मामंजी."

ते बराच वेळ वाकून राहिले.

"हे मी रोज पितो?"

"हो."

"जिते हायत?"

"हो, जिवंत आहेत."

"मग आत जाऊन करतात काय?"

मी म्हटलं, तेच मला शोधायचंय. खरं तर त्या थेंबात दिसणारी थरथर जंतूंची नव्हती, पाण्याची होती. पण पहिल्याच दिवशी त्यांचा आनंद कमी करणं माझ्या जिवावर आलं.

खोपीत आम्ही प्रयोगशाळा थाटली. जंतू वाढवायला माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते. त्यासाठी ह्यांनी एका खोक्यात दुसरं खोकं बसवलं, मध्ये भाताचं तूस भरलं आणि खाली कंदील ठेवला. वात किती वर केली की आत किती ऊब होते ह्याचं गणित त्यांनी मांडलं, आणि ते बरोबर ठरलं. जंतूंना बसायला थिजवलेला थर लागतो, तो चायनाग्रासचा करतात. ते बाजारात मिळायचं, कारण लोक त्याच्या गोड वड्या करत. सासूबाईंनी एकच अट घातली होती. खोपीतून बाहेर पडल्यावर अंगावरून पाणी घेऊन, लुगडं बदलल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्या मनात सोवळं होतं, पण माझ्या सरांनी सांगितलेला नियमही अगदी हाच होता, त्यामुळे आमचं कधी वाजलं नाही.

सगळं जमलं, फक्त नमुने मिळेनात. माझे स्वतःचे झाले. ह्यांचेही झाले, पण हे मलमाची रुंद तोंडाची बाटली धोतराच्या सोग्याखाली लपवून परसातून असे यायचे, जणू कुणाच्या बागेतले आंबे चोरून आणताहेत. शेजारी विचारून पाहिलं तर बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. गावातल्या डॉक्टरांकडे गेले. ते भले गृहस्थ होते, पण मनापासून हसले आणि म्हणाले की पटकी असेल तर तपासू, धडधाकट माणसाचं काय तपासायचं? दोन माणसांवरून कुठलंही शास्त्र होत नाही. मी खोपीच्या दारात बसून राहिले.

मामंजी समोर दोराला पीळ देत होते. त्यांनी विचारलं, "तोंड का उतरलंय गो तुझं?"

मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सासऱ्यापुढे हा विषय कसा काढायचा? मी आडून आडून सांगायला लागले, की पोटात काय आहे ते कळायला पोटातून आलेलं काहीतरी बघावं लागतं, आणि लोकांना ते द्यायला संकोच वाटतो. त्यांनी दोर खाली ठेवला.

"सुनबाई, मी जन्मभर बोटीचा तळ साफ करून घेतलाय. घाण कशाला म्हणतात ते मला नको शिकवू. बाटली दे."

मी आत जाऊन बाटली आणून दिली. ते बाटली उजेडात धरून झाकण घट्ट बसतं का ते बघत होते.

ह्या कामाला मामंजींपेक्षा चांगला माणूस मिळालाच नसता, कारण त्यांचं पोट कधीच धड नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं बोटीवर पांढरा भात, चहा आणि कडक बिस्किटं खाऊन त्यांना बद्धकोष्ठाचा आणि वायूचा कायमचा त्रास जडला होता. नोकरी सुटली तरी ते खाणं सुटलं नव्हतं. मुंबईच्या बोटीवरचा एक जुना सोबती दर फेरीला त्यांना बिस्किटांचा डबा आणून द्यायचा. सासूबाई नाचणीची भाकरी करायच्या, तिला मामंजी हात लावत नसत. भातही त्यांना रंगूनचा, गिरणीत कोंडा काढलेला, पांढराधोप लागायचा. घरचा लाल तांदूळ म्हणजे शेतावरच्या माणसांचं खाणं, असं त्यांचं म्हणणं.

आधी काही दिवस मी त्यांचं ताक बंद केलं आणि नमुने पाहिले. मग रोज दोन तांबे ताक सुरू केलं. ते शिस्तीचे इतके पक्के, की ताक प्यायची वेळ झाली की ओटीवर येऊन उभे राहत आणि तांब्या रिकामा केल्यावर तो उपडा करून मला दाखवत. चार-पाच दिवसांत दह्यातले जंतू त्यांच्या नमुन्यात दिसायला लागले. माझा आनंद गगनात मावेना. ताक थांबवलं तरी ते तिथे टिकले, तर त्यांनी घर केलं असं म्हणता येणार होतं. युरोपातल्या भांडणाचा निकाल मांडवीच्या खोपीत लागणार, अशी स्वप्नं मी बघू लागले.

ताक थांबवलं. जंतू रोडावले, आणि आठवडा उलटायच्या आत दिसेनासे झाले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दह्यातले जंतू पाहुणे होते. येत होते, राहत होते आणि जात होते. मामंजींचं पोटही होतं तसंच राहिलं. वायू थोडा कमी झाला, एवढंच. मी हिरमुसले. मामंजी मला समजावत म्हणाले, की पाहुणे गेले तर जाऊ देत, पण घरात मूळचं राहतं कोण ते तरी बघशील की नाही? त्यांनी ते सहज म्हटलं असेल. पण मी दह्याच्या जंतूंच्या इतकी मागे लागले होते, की पट्टीवरच्या बाकीच्या गर्दीकडे माझं लक्षच नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नमुन्यात सगळीच वस्ती बघायला लागले. आमच्या रंगवण्याच्या पद्धतीत काही जंतू जांभळे होतात आणि काही तांबडे. मामंजींच्या पट्ट्यांवर तांबडेच तांबडे दिसायचे, जांभळे तुरळक.

मे महिना संपत आला तशी घराघरांत आगोटीची गडबड सुरू झाली. पावसाळ्यात समुद्र खवळला की आगबोटी बंद, म्हणून चार महिन्यांचं सगळं आधीच भरून ठेवायचं. लाकडं, मीठ, सुकी मासळी, कुळीथ, कांदे. मामंजींनी बिस्किटांचे दोन डबे मागवले होते. पण शेवटची बोट वाऱ्यामुळे न थांबता पुढे गेली आणि डबेही तिच्याबरोबर गेले. रंगूनच्या तांदळाचं पोतं घरात होतं, त्यात ओल शिरून सगळा तांदूळ कुबट झाला. हातखंब्यावरून कोल्हापूरच्या मोटारीने काही सामान यायचं, पण ते महाग, आणि भरवशाचं नव्हतं. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं की आता घरात आहे तेच खायचं.

घरात होतं ते म्हणजे लाल तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाच्या आठळ्या, सुरण, आणि पावसाबरोबर उगवणाऱ्या टाकळ्यासारख्या रानभाज्या. पहिले काही दिवस मामंजींनी जेवणावर रुसवा धरला. मग भूक लागली. मग सुरणाची भाजी दुसऱ्यांदा मागितली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वाढली.

ताकाचा प्रयोग केव्हाच संपला होता, तरी मामंजी सवयीने बाटली आणून देत आणि मीही सवयीने पट्ट्या रंगवत होते. आषाढात एके दिवशी पट्टीवर जांभळ्या काड्या दिसल्या, दाट. मला वाटलं, रंग धुताना माझं काहीतरी चुकलं. दुसरी पट्टी केली, तीही तशीच. रंग पुन्हा कालवला, माझा स्वतःचा नमुना शेजारी ठेवून पाहिला. रंगात दोष नव्हता. पुढच्या नमुन्यात जांभळे आणखी वाढले. हे दह्यातले नव्हते. ते तिथलेच जुने रहिवासी होते, इतके दिवस कोपऱ्यात पडून राहिलेले. मी बाहेर आले आणि ओटीवर बसलेल्या मामंजींना विचारलं की पोट कसं आहे.

त्यांनी जरा विचार केला. मग आश्चर्याने म्हणाले, "अगो, दुखत नाय. कधीपासून ते कळलाच नाय."

त्या पावसात मी भिजत खोपीत गेले आणि पुन्हा पुन्हा त्या पट्ट्या बघत बसले. मग हे शाळेतून आले, त्यांना दाखवल्या. हे म्हणाले की एकदा झालेली गोष्ट म्हणजे नुसती गंमत. पुन्हा उलटून झाली तर शास्त्र. म्हणजे बोटी सुरू झाल्यावर मामंजींना परत पांढरा भात आणि बिस्किटं खायला लावायची, आणि जांभळे जातात का ते बघायचं.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या शांत झाला, बोटी आल्या आणि बिस्किटंही आली. मी मामंजींना काय हवं ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. ज्या माणसाने बिस्किटांपायी बायकोशी पंचवीस वर्षं वाद घातला, तो आता डब्याकडे वैऱ्यासारखं बघत होता.

"पोट बरा झालाय तो बघवत नाय का तुला?"

मग त्यांनीच डबा ओढला. "दे. पण पुरे म्हणालीस की त्या क्षणाला थांबणार."

महिनाभर त्यांनी पांढरा भात आणि बिस्किटं खाल्ली, औषध घ्यावं तशी. पोट पुन्हा धरलं, चिडचीड वाढली, आणि पट्टीवरचे जांभळे हळूहळू मागे सरून तांबडे पुढे आले. मला जितका आनंद होत होता तितकीच त्यांची दया येत होती. पुरेसं दिसल्यावर मी "पुरे" म्हटलं. तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यापुढे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं ठेवलं, आणि त्यांनी मान वर न करता ताट साफ केलं. थोड्याच दिवसांत जांभळे परतले.

आता माणसं हवी होती, आणि ती मामंजींनी आणली. संध्याकाळी मांडवीच्या वाळूत निवृत्त दर्यावर्दींचा अड्डा बसायचा. कुणी आगबोटीवर कोळसा ओढलेला आगवाला, कुणी शिडाचं गलबत हाकलेला तांडेल. तिथे मामंजींनी आपल्या पोटात कसली वस्ती आहे ह्याची वर्णनं सुरू केली होती. आपले जांभळे कसे दाट, ते शहरातल्या साहेबालासुद्धा नसतील, वगैरे. तांडेलाला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो छत्रीखाली बाटली घेऊन हजर. आल्या आल्या त्याने विचारलं की सारंगापेक्षा माझे जास्त आहेत का तेवढं सांगा. त्याच्या मागून आगवाला आला, मग बाकीचे. लाज कुठल्या कुठे गेली. अंगणात बाटल्या रांगेने मांडल्या जाऊ लागल्या, आणि सासूबाई तुळशीकडे जाताना त्या रांगेला वळसा घालून जात.

पुढल्या वर्षी आम्ही दोन गट केले. एकाने नाचणी आणि लाल तांदूळ खायचा, दुसऱ्याने पांढरा भात आणि बिस्किटं, आणि मग अदलाबदल. आधी कुणी काय खायचं ह्यावरून इतका वाद झाला की ह्यांना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. मंडळी प्रामाणिक होती. तांडेल एकदा सकाळीच येऊन दारात उभा राहिला आणि पडेल आवाजात म्हणाला की आजची माझी बाटली टाकून द्या. काल जावयाने चहाबरोबर बिस्किट पुढे केलं, नाही म्हणवलं नाही. मी त्याला ओटीवर बसवलं आणि सांगितलं की असं येऊन सांगणारा माणूस मिळाला तर शास्त्राला आणखी काय हवं. तो खूश होऊन गेला. सगळ्यांच्या पोटात सारखंच घडलं असं नाही. आगवाल्याचे जांभळे काही केल्या वाढेनात, आणि का ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नीट सांगता येणार नाही. पण बहुतेकांत तेच दिसलं. दह्याचे जंतू पाहुणे होते, आणि घरचे जंतू आपण काय खातो त्यावर वाढत किंवा उपाशी राहत होते.

मी निबंध लिहिला. सरांनी तो दोनदा परत पाठवला आणि तिसऱ्यांदा छापायला दिला. छापील प्रत टपालाने आली तेव्हा मामंजी ती उलटीसुलटी करून बघत होते. इंग्रजी त्यांना बोलता यायचं, बोटीवरचं. वाचता येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मुलाला हाताला धरून वाळूवर नेलं. मीही पदर सावरत थोडी मागे जाऊन बसले. हे एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. नावं छापलेली नव्हती, नुसते क्रमांक होते, त्यामुळे प्रत्येक क्रमांकाला हा कोण, तो कोण अशी चर्चा व्हायची. दोन नंबर म्हणजे आपणच, असं तिघांचं म्हणणं होतं. मग ह्यांनी पहिल्या क्रमांकाचं वाचलं, "एक वृद्ध खलाशी."

मामंजींनी हात वर केला. "थांब. खलाशी?"

ह्यांनी सांगितलं की इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द आहे.

"मी सारंग होतो. खलाशी माझ्या हाताखाली."

सगळे हसले. मामंजी मात्र हसले नाहीत. मला पुढे बोलावून त्यांनी गंभीरपणे विचारलं की हे दुरुस्त होईल का. मी म्हटलं, छापलेलं आता बदलत नाही, पण ह्यापुढे जे लिहीन त्यात सारंगच लिहीन. आणि पुढच्या निबंधात मी तसं लिहिलं. संपादकांनी त्यावर समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं, तरी मी तो शब्द काढू दिला नाही.

त्या निबंधामुळे मला मुंबईच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, ह्या वेळी पगारी. ह्यांनाही तिथल्या एका शाळेत नोकरी लागत होती. दिवाळीनंतर जायचं ठरलं, कारण मला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बाळ यायचं होतं भर श्रावणात आणि बोटी बंद. तेव्हा ते सासरीच झालं, मधल्या खोलीत, बाहेर पाऊस कोसळत असताना. मुलगी झाली.

मला बाजेवरून उठायची परवानगी नव्हती, आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तान्ह्या बाळाचं पोट जन्मतः रिकामं असतं आणि आईच्या दुधावर त्यात पहिली वस्ती होते, असं मी वाचलं होतं, पाहिलेलं नव्हतं. मी सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी माझ्याकडे एकदा, बाळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या की दुपटं तर धुवायचंच असतं. त्यांनी दारातून दुपटं ह्यांच्या हातात दिलं. माझ्याकडून शिकलेलं रंगवणं ह्यांनी एकट्याने करायची ती पहिलीच वेळ. मी आतून ओरडून सांगत होते, आता आयोडीन, आता स्पिरिट, फार वेळ नको. जन्मानंतरच्या पहिल्या दुपट्यावर जवळजवळ काहीच दिसलं नाही. पुढच्या दुपट्यांवर सगळ्या तऱ्हेची सरमिसळ. आणि मग बारशाच्या थोडंसं आधी हे खोपीतून धावत आले आणि दारातूनच म्हणाले, "सगळे जांभळे. एकसुद्धा तांबडा सापडत नाही."

मला बघायचं होतं. सुवेर संपलेलं नव्हतं, मला बाहेर जाता येत नव्हतं आणि मामंजींना खोलीत येता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शक उचलला, पावसातून छत्रीखाली घराला वळसा घालून मागच्या बाजूला आणला आणि माझ्या बाजेशेजारच्या खिडकीच्या फळीवर बाहेरून ठेवला. आभाळ भरलेलं होतं, उजेड पुरेना. मग सासूबाईंनी कंदील आरशाजवळ धरला. मी कुशीवर वळून डोळा लावला. नाजूक, टोकाशी किंचित दुभंगलेल्या जांभळ्या काड्या, इकडून तिकडे, साऱ्या वर्तुळभर. इतकी स्वच्छ वस्ती मी तोवर कधी पाहिली नव्हती.

खिडकीबाहेर मामंजी छत्री धरून उभे होते. त्यांनी विचारलं की पोरीने तर अजून काहीच खाल्लेलं नाही, मग हे आले कुठून आणि जगतात कशावर? मी म्हटलं, जगतात दुधावर. आले कुठून ते मला माहीत नाही.

"मग आता ते शोधणार?"

मी हो म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, आधी पेज पी, गार होतेय. आणि कंदील बाजूला ठेवून त्यांनी बाळाला माझ्याकडे दिलं.